पाटल्या कोणी चोरल्या? आईंचा विसर आणि ‘बेस्ट न्यूरॉलॉजिस्ट’चा शोध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७१ वर्षांच्या, इचलकरंजीला थोरल्या भावाकडे राहतात. तुम्ही पुण्यात नोकरीला. दीड वर्षापासून त्या विसरतात, एकच गोष्ट पाच-पाचदा विचारतात. दिवाळीपासून नवंच सुरू झालंय: ‘सुनेनं माझ्या पाटल्या चोरल्या.’ त्यावरून वहिनी गेले पंधरा दिवस माहेरी आहेत. जवळच्या डॉक्टरांनी ‘वयानं व्हायचंच’ म्हणून सांगितलं. एमआरआय काढला, तर रिपोर्टात ‘वयानुरूप मेंदू आकसलेला’ एवढंच. बीपी-शुगरच्या गोळ्या दहा वर्षं चालू आहेत, झोपेचीही एक आहे. आता तुम्हाला पुण्या-मुंबईतल्या सगळ्यात चांगल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव हवंय, आणि हे बरं होईल का ते हवंय.

मी २२ वर्षं न्यूरॉलॉजीची ओपीडी करते, त्यातली बरीचशी सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात. नाव सुचवणार नाही, आणि आईंना न तपासता निदानही करणार नाही. पण नावापेक्षा मोठ्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात दडल्यात, त्या आधी बोलू. एक, विसराच्या अशा आजाराचं निदान मशीनमधून कमी आणि घरच्यांच्या सांगण्यातून जास्त होतं. त्यामुळे आईंना कोणाकडे नेता याच्याइतकंच, सोबत काय नेता आणि कोण येतं यावर सगळं अवलंबून आहे. दुसरं, हा एका भेटीत मिटणारा मामला नाही. पुढची कित्येक वर्षं दर तीन-चार महिन्यांनी त्यांना कोणीतरी बघायला लागणार. पाच तास गाडीत बसून पुण्याला येणं एकदा जमेल, दोनदा जमेल. तिसऱ्यांदा भाऊ म्हणेल, ‘राहू दे, त्याच गोळ्या आणतो दुकानातून.’ हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणी पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांची फाईल काढली की आधी तिच्यावरची शेवटची तारीख बघते.

‘वयानं व्हायचंच’ याबद्दल. ‘साठी बुद्धी नाठी’ आपल्या तोंडात बसलेलं आहे, आणि त्याहून वाईट शब्द ‘म्हातारचळ’. एकदा हा शब्द पडला की घरचे आजाराकडे आजार म्हणून बघायचंच थांबतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. आकडा मोठा आहे, पण तो उलटूनही वाचा: साठी ओलांडलेल्या शंभरातल्या बाण्णव जणांना हा आजार नाही. वय वाढेल तसा धोका वाढतो हे खरं. पण चाळीस वर्षं पुरण शिजवणाऱ्या बाईचा त्यात गूळ घालायचा राहून जातो आणि पोळी खाताना तिच्या ते लक्षातही येत नाही, ते वयानं होत नाही.

साधं विसरणं आणि हे विसरणं यातला फरक मी घरच्यांना असा विचारते. परवाच्या लग्नात कोण भेटलं ते नाव आठवत नाही, पण ‘अहो, ते मिरजेचे’ म्हटल्यावर ‘हां हां, आठवलं’ होतं का? तसं होत असेल तर बहुधा काळजी नाही. खूण दिली तरी ‘आपण लग्नाला गेलोच नव्हतो’ असं उत्तर येत असेल, तर कान टवकारायचे. दुसरा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा. वाण्याचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, मोबाईलवर फोन लावणं, एकटीनं बाजारात जाऊन परत येणं, दोन भाज्या आणि आमटी एका वेळी करणं. यातलं पूर्वी सहज जमणारं काय सुटलं? डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. स्मरण, भाषा, विचार यांची इतकी पडझड झाली की रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीवर आले, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. ताप जसा, तसं. ताप कशामुळे आला ते नंतर शोधायचं असतं.

तपासणी कशी चालते ते कळावं म्हणून एक प्रसंग सांगते. शिरोळकडच्या एक आजी, नऊवारी नीटनेटकी, केसांत अबोलीचा गजरा. मुलगी सोबत. मी विचारलं, ‘आजी, सकाळी न्याहारीला काय केलं होतं?’ आजींनी हसून मुलीकडे मान वळवली. ‘हिलाच इचारा की. मला काय, पोर देईल ते खायाचं.’ गाव कुठलं, मुलं किती? फटाफट उत्तरं. मग विचारलं, आत्ता कुठला सण होऊन गेला? पुन्हा मान मुलीकडे, पुन्हा हसू, ‘आता ह्या वयात काय सणवार ध्यानात ऱ्हातंय, डॉक्टरीणबाई.’ तीन मिनिटांच्या बोलण्यात सहा वेळा मान वळली. तो प्रत्येक वळसा मी कागदावर टिपत होते. मुलीला वाटत होतं की आई किती छान बोलली. आजींचं बोलणं छानच होतं. उत्तर माहीत नसणं झाकायचं कसब माणसाकडे फार शेवटपर्यंत शिल्लक राहतं. म्हणूनच नातेवाईक दोन दिवस येऊन जातात आणि म्हणतात, ‘काही झालेलं नाही त्यांना, सुनेचीच तक्रार आहे.’

त्यानंतर चाचण्या येतात. ३० गुणांच्या दोन चाचण्या जास्त वापरात आहेत, एमएमएसई आणि मोका. घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करा, पाच शब्द लक्षात ठेवा, असं त्यात असतं. आई किती शिकल्यात ते तुम्ही लिहिलेलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला घड्याळ काढता आलं नाही, तर तो आजाराचा पुरावा नाही, आणि निवृत्त मुख्याध्यापिकेला ३० पैकी २७ पडले म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. अशा वेळी मी एका मिनिटात भाज्यांची नावं विचारते, पाचशेच्या नोटेतून एकशे चाळीस गेले तर परत किती घ्यायचे विचारते, चहा कसा करतात ते पहिल्यापासून सांगा म्हणते. डॉक्टर नुसता आकडा सांगत असतील, तर शिक्षण विचारात घेतलं का, एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आता पाटल्यांकडे येते, कारण तुमच्या घरात खरं दुखतंय ते इथे. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ज्या बाईंना पाहिलं, त्यांचं नाव ऑगस्ट डेटर. वय ५१. १९०६ मध्ये अल्झायमरनी त्यांच्या आजाराबद्दल वैद्यकीय सभेत सांगितलं आणि पुढे डिमेन्शियाच्या या प्रकाराला अल्झायमर यांचंच नाव मिळालं. त्या बाईंच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांत विसर तर होताच, पण आधी घरच्यांना खटकला तो नवऱ्यावरचा संशय. म्हणजे या आजाराच्या पहिल्याच नोंदीत संशय आहे. तुमच्या आईंचं असं होत असावं: चोरी होईल या धास्तीनं त्या वस्तू नेहमीच्या जागेवरून हलवून ‘सुरक्षित’ ठेवतात. धान्याच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघरातल्या वस्त्राखाली. ठेवल्याचं पुसलं जातं, मात्र पाटल्या होत्या हे पक्कं आठवतं. मग त्या गेल्या कुठे? मोकळी जागा मन भरून काढतं, आणि त्या जागी बसतं ते सतत डोळ्यांसमोर असणारं माणूस. जी जेवायला घालते, आंघोळ घालते, गोळ्या देते, तिच्यावरच आळ येतो. वर्षातून दोनदा येणाऱ्या धाकट्या लेकावर कधी येत नाही. हे तुम्हाला टोचेल, पण लिहायलाच हवं होतं.

मग आईंना अल्झायमर आहे असं समजायचं का? नाही, अजून नाही. त्याआधी त्यांच्या औषधांच्या पिशवीचं बघायला हवं.

माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक गृहस्थ आले, वय ६८, विसर आणि दिवसभर पेंग. स्कॅन पाहिला, चाचणी घेतली, अल्झायमरची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी ते आणखी ढिम्म. त्या दिवशी ओपीडीत शिकाऊ डॉक्टर होती, तिनं सहज विचारलं, ‘काका, अजून कुठल्या गोळ्या घेता?’ त्यांनी शर्टाच्या खिशातून चुरगळलेली पट्टी काढली. अल्प्राझोलाम, अकरा वर्षं, रोज रात्री. पायाच्या मुंग्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलीनही होती. मी ‘बीपी-शुगर सोडून आणखी काही?’ असं विचारलं होतं, आणि त्यांच्या लेखी झोपेची गोळी म्हणजे औषधच नव्हतं. सहा महिन्यांत हळूहळू कमी करत दोन्ही बंद केल्या. माणूस पूर्ण पहिल्यासारखा झाला नाही, पण पेपर वाचायला लागला. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: गोळ्यांची यादी नको, घरातली सगळी पिशवी आणा. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, चक्करच्या, लघवीला रोखणाऱ्या, कंप थांबवणाऱ्या, शेजारच्यांनी दिलेल्या, सगळ्या.

आईंची झोपेची गोळी कुठली, ते लगेच बघा. स्वतः एकदम बंद मात्र करू नका. वर्षानुवर्षं चाललेली अशी गोळी अचानक थांबवली तर घालमेल, भ्रम, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते.

शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आणि सोबत रोज पित्ताची गोळी असेल, तर बी-१२ कमी असण्याची दाट शक्यता. शाकाहारी घर असेल तर आणखीच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर सोडियम उतरतं, आणि सोडियम उतरलेला म्हातारा माणूस हुबेहूब डिमेन्शियासारखा दिसतो. म्हणून बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, हिमोग्लोबिन, किडनीसाठी क्रिएटिनीन, कॅल्शियम, लिव्हरच्या तपासण्या आणि तीन महिन्यांची साखर, एवढं रक्त तपासायला न्यूरॉलॉजिस्टची वाट बघायची गरज नाही. तुमचे जवळचे डॉक्टरच लिहून देतील. फक्त एक सावधगिरी: बी-१२ कमी आलं आणि इंजेक्शनं सुरू झाली, म्हणजे कारण सापडलं असं धरून घरी बसू नका. आपल्याकडे बी-१२ पुष्कळांचं कमी असतं. खरा अल्झायमर असलेल्यांचंही. इंजेक्शनं घ्यायची, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

भरून निघू शकणारी आणखी काही कारणं भरभर सांगते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साठणं. आईंच्या एमआरआयमध्ये ते नाही, पण एमआरआयनंतर पडल्या असतील तर पुन्हा बघावं लागेल. मेंदूतलं पाणी वाढणं: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, कपड्यांत लघवी आणि विसर, असं तिन्ही एकत्र दिसलं तर तो विचार करायचा, त्यावर शस्त्रक्रिया असते. आणि नैराश्य. नैराश्यातला माणूस स्वतः सांगतो, ‘माझ्या काही लक्षात राहत नाही हो.’ डिमेन्शियातला सहसा म्हणतो, ‘मला काही झालं नाही, हेच उगाच घेऊन आलेत.’ हा नियम नेहमी खरा ठरतोच असं नाही, पण खोलीत शिरताना पहिल्या वाक्यावरून मी अंदाज बांधते हे कबूल.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून लक्षात ठेवा. दोन दिवसांत, काही तासांत एकदम बिघडलं, माणूस भलतंच बोलतोय, मधेच गुंगीत जातोय, रात्री उठून धावतोय, तर ते डिमेन्शियाचं वाढणं नसतं. त्याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, साखर उतरणं, तुंबलेली लघवी, नुसती आठवड्याची बद्धकोष्ठतासुद्धा पुरते. तिथे अपॉइंटमेंट घ्यायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळं वगळल्यावर प्रकार ठरतो. सर्वांत जास्त अल्झायमर, साधारण ६० ते ७० टक्के. बीपी-शुगरवाल्यांत रक्तवाहिन्यांमुळे होणारा, किंवा दोन्हींची सरमिसळ. नसलेली माणसं, लहान मुलं स्पष्ट दिसत असतील, झोपेत हातपाय झाडत असतील, चाल मंदावली असेल, एक दिवस लख्ख आणि एक दिवस धुकं असेल, तर लेवी बॉडी नावाच्या प्रकाराचा संशय. हा ओळखणं फार गरजेचं, कारण अशा माणसाला भास दाबायचं हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो लाकडासारखा ताठू शकतो. पन्नाशी-साठीत स्वभावच पालटला, लाजलज्जा सुटली, आणि स्मरण मात्र बरं, तर फ्रंटोटेम्पोरल. फाईलवर नुसतं ‘डिमेन्शिया’ लिहिलेलं असेल तर ‘कुठला?’ हे विचारा.

एमआरआयचं म्हणाल तर ‘वयानुरूप आकसलेला’ या शब्दांवर जीव टाकू नका, आणि त्यांनी निर्धास्तही होऊ नका. स्कॅन मुख्यतः गाठ, रक्तस्राव, पाणी, पक्षाघाताचे जुने झटके नाहीत ना हे बघायला काढतात. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग वेगळा बघावा लागतो, आणि रेडिओलॉजिस्टला कागदावर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहून पाठवलं असेल तर तो तरी त्याबद्दल कशाला लिहील? रिपोर्टबरोबर फिल्म किंवा सीडी न्या. नवा एमआरआय लगेच काढू नका. पेट स्कॅन, पाठीतलं पाणी काढून तपासणं, जनुकांची तपासणी यांची ७१ वर्षांच्या, नेहमीसारखी कहाणी असलेल्या बाईंना बहुतेक वेळा गरज पडत नाही.

आता डॉक्टर. पाटीवर ‘न्यूरो’ दिसलं की लोक आत शिरतात, तिथे पहिला घोळ होतो. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात, त्यांची पदवी एमसीएच. तुम्हाला हवेत न्यूरोफिजिशियन, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट: एमडी मेडिसिननंतर डीएम किंवा डीआरएनबी न्यूरॉलॉजी. कोल्हापूर, सांगली, मिरज इथे ते आहेत, आणि माझं मत विचाराल तर आईंना तिथेच न्या. हा आजार सामान्य न्यूरॉलॉजिस्टच्या रोजच्या कामातला आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. संशय, राग, रात्रीचं जागरण हे हाताळण्यात त्यांतले काही जण आमच्यापेक्षा तरबेज असतात, आणि जिल्ह्याच्या गावी न्यूरॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदाच येत असेल तर नियमित पाठपुरावा मनोविकारतज्ज्ञांनी करणं उत्तम. वय ६५ च्या आत असेल, सहा महिन्यांत वेगानं घसरण असेल, फिट, झटके किंवा विचित्र हालचाली असतील, तरच मी मोठ्या संस्थेत पाठवते: मुंबईत केईएम, जेजे, सायन, नायर, गोव्याकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, किंवा बंगळूरचं निम्हान्स, जे मिरजेहून रेल्वेनं रात्रभराच्या अंतरावर आहे. पुण्याच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्यायचं असेल तर एकदा जरूर घ्या, पण पाठपुरावा घराजवळ ठेवा.

डॉक्टर चांगले की नाही ते पहिल्या भेटीत कळतं. त्यांनी पेशंटशी आणि घरच्यांशी वेगवेगळं बोलून घेतलं का? औषधांची पिशवी बघितली का? चाल बघितली का? पुढच्या भेटीची तारीख आणि तोवर काय बघायचं ते सांगितलं का? पाच मिनिटांत चार गोळ्या आणि मेंदूचं टॉनिक लिहून मिळालं, तर दुसरीकडे जा. सिटिकोलीन, पायरासिटाम, जिन्को यांचा अल्झायमरमध्ये भरवशाचा उपयोग दिसलेला नाही, तरी आपल्याकडे भाराभर लिहिली जातात. ओपीडीत शंभर पेशंट असणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे अर्ध्या तासाची अपेक्षा करणंही बरोबर नाही, तिथे तुमची तयारी कामी येते.

तयारी म्हणजे एक कागद, दोन्ही बाजूंनी, जास्त नको. पहिल्यांदा काय खटकलं आणि साधारण कधी, तेही सणाच्या खुणेनं: गेल्या गणपतीत नैवेद्याला मीठ विसरल्या, वगैरे. हळूहळू वाढलं की पायरी-पायरीनं. आता काय स्वतः करतात आणि काय नाही. झोप, भूक, वजन, लघवी, पडझड. ऐकू कसं येतं, हे जरूर लिहा. कमी ऐकू येणारा माणूस अर्धा विसराळू दिसतो, आणि बहिरेपण हे स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत गणलं जातं. घरात आधी कोणाला असं झालं होतं का. हा कागद आईंसमोर वाचून दाखवू नका. आत जाण्याआधी नर्सकडे द्या. त्यांच्या तोंडावर त्यांच्या चुकांचा पाढा वाचणं हे मी ओपीडीतलं सगळ्यात क्रूर दृश्य मानते, आणि ते करणारे सगळे प्रेमळच असतात. आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे जायचंय’ असं घरी म्हणू नका. ‘बीपीची वार्षिक तपासणी आहे’ म्हणा. ते खोटंही नाही, बीपी मी तपासतेच.

बरं होईल का? बी-१२, थायरॉइड, गोळ्या, नैराश्य यातलं काही असेल तर बरंच काही परत मिळतं. अल्झायमर असेल तर नाही, बरं होत नाही. त्यासाठीची गोळी डोनेपेझिल, ती ५ मिलिग्रॅमनं सुरू करतात, चार-सहा आठवड्यांनी १० करतात. त्यानं आजार थांबत नाही. काहींचं लक्ष, बोलणं, दिवस थोडे सुधारतात, काहींना काहीच फरक पडत नाही. आधी ईसीजी काढा, नाडी मंद होऊ शकते. मळमळ, जुलाब होतात. रात्रीच्या डोसनं भयानक स्वप्नं पडत असतील तर सकाळी घ्यायची. रिव्हास्टिग्मिनची चिकटवायची पट्टीही मिळते, पोट बिघडणाऱ्यांना ती बरी. मधल्या आणि पुढच्या टप्प्यात मेमँटीन. पेपरात वाचलेल्या नव्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारालच: लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, घसरण थोडी हळू करतात, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात. त्यासाठी जमीन विकायची भाषा कोणी करत असेल तर त्यांना माझा हा परिच्छेद दाखवा.

पाटल्यांच्या भांडणावर ‘शांत करायची गोळी’ मागायला लोक येतात. रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारखी औषधं मी देते, पण शेवटी, कमीत कमी डोसात, ठरावीक आठवड्यांपुरती. डिमेन्शियाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, हा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच दिलाय. त्याआधी दुसरं करून बघायचं. आई म्हणाल्या, ‘पाटल्या चोरल्या,’ की ‘कोणी नाही चोरल्या, तुम्हीच ठेवल्यात’ म्हणायचं नाही. वादात त्या हरणार नाहीत, कारण त्यांच्यापुरतं ते खरं आहे. ‘अगं बाई, कुठे गेल्या? चल, आपण दोघी बघू’ म्हणत शोधायला लागायचं, दोन डबे उघडायचे, मग ‘थांब, आधी चहा घेऊ.’ नेहमीच्या लपवायच्या जागा वहिनींना माहीत असतील. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आणि तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या घरात, हा उपाय माझ्या एका पेशंटच्या सुनेनं शोधला, मी फक्त पुढे सांगते.

तिन्हीसांजेला त्रास वाढतो. दिवे लागायच्या सुमाराला स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. ते घर बहुतेकदा माहेर असतं, पन्नास वर्षांपूर्वीचं. ‘हेच तुझं घर’ म्हणून काही होत नाही. सूर्य मावळायच्या आधीच दिवे लावा, माहेराबद्दल विचारा, वाटाणे सोलायला द्या. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, संडास-बाथरूमची आतली कडी काढून टाका, गळ्यात किंवा हातात नाव आणि भावाचा नंबर. अजून बाहेर जात नसल्या तरी आत्ताच.

कागदपत्रांचं मी डॉक्टर असून सांगते, कारण फार उशिरा कळतं. आई आज सही करतात म्हणून कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं, तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणजे नेमकं हवं तेव्हा उपयोगाचं नाही. बँकेची संयुक्त खाती, सगळीकडे नॉमिनेशन, आणि त्यांना करायचं असेल तर मृत्युपत्र, हे त्या समजून सही करू शकतात तोवर करून घ्या. त्या दिवशी समज असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. भाऊ, तुम्ही, वहिनी, सगळ्यांच्या समोर करा. वकिलाला विचारूनच.

शेवटी वहिनींचं. गोव्यात दोन तालुक्यांत डिमेन्शियाच्या घरांवर एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक लोकांना शिकवून घरोघरी पाठवलं: आजार समजावणं, वागणूक कशी हाताळायची ते दाखवणं, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेणं. मोठी मशीन नाहीत, महाग औषधं नाहीत. सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती त्यानं सुधारली. तुमच्या घरी असं कोणी येणार नाही, त्यामुळे ते काम तुमच्याकडे. आईंना महिन्यातले आठ दिवस तुम्ही इचलकरंजीला जाऊन सांभाळा. त्यांना पुण्याला हलवू नका, जागा बदलली की गोंधळ वाढतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी नंबर आहेत, दुसरा वहिनींनाही द्या.

आणि अपॉइंटमेंट घेण्याआधी एक फोन त्यांच्या माहेरी करा. भावाला करायला सांगू नका, तुम्ही करा. पाटल्या त्यांनी घेतल्या नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, आणि आई बोलतात ते आजारामुळे, एवढं बोला. परत या म्हणू नका. तो कागद लिहायला घेतलाय, पहिल्यांदा काय खटकलं होतं तेवढं विचारा. दीड वर्ष म्हणून तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज आहे की त्या अडीच सांगतील, आणि सोबत असं काही सांगतील जे भावाला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. ते पहिल्या ओळीत लिहा.